राक्षस एस्टीनं केजला गेला

आमची धाकटी बहीण चंद्री लहानपणी काही दिवस घरात वरून यायची. दार होतं, धड होतं, उघडंच असायचं. पण ती दाराकडं पाठ फिरवायची, शिडीनं माळवदावर चढायची, आणि धूर जायला अन् उजेड यायला छताला जे सवणं ठेवलेलं असतं त्यातून आधी दोन पाय खाली सोडून हाक द्यायची, "माय, झेल." माय खाली चुलीपाशी हात वर करून उभी. पोरगी धपकन अंगावर, आणि तिच्याबरोबर मूठभर माती कालवणात. बाहेर जायचं झालं की तीच तऱ्हा उलटी. मी खालून खांद्यावर घ्यायचो, आबा वरून ओढायचे. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ह्यांच्या घरी पोरगी न्हाई, मांजर पाळलंय. मी हे लिहितोय आणि लिहिता लिहिता एकटाच हसतोय. सून आतून विचारते, मामा, काय झालं. तिला म्हटलं, लिहून झालं की वाच.

लिहायला बसलो तेही तिच्यामुळंच. तिच्यामुळं आणि माझ्या मुलामुळं. मी आता बीडला मुलाकडं असतो. सुभाष कचेरीत आहे, सून बालवाडीत शिकवते, आणि नात गौरी सगळ्या घराला शिकवते. परवा गौरी मोबाईलवर पोरांचा सिनेमा बघत होती. चित्रातली माणसं, डोळे बशीएवढे, आवाज किरटे. गोष्ट नरसिंहाची. सून म्हणाली, "पाच वर्षांच्या पोरीला पोट फाडायची गोष्ट कशाला दाखवायची?" सुभाष म्हणाला, "देवाची गोष्ट आहे. देवाच्या गोष्टी नाही दाखवायच्या तर काय दाखवायचं?" ती म्हणाली, "देव दाखवा, आतडी नको." तो म्हणाला, "त्यांनी दाखवलीच नाहीत, बघ तरी." आणि खरंच, देवानं राक्षसाला मांडीवर घेतलं, नखं वर केली, आणि सगळा पडदा झेंडूच्या पाकळ्यांनी भरून गेला. पाकळ्या गेल्या तर देव एकटाच बसलेला, हसतोय. सून म्हणाली, हे बरं आहे. सुभाष म्हणाला, हे फारच मिळमिळीत आहे. मला कुणी विचारलं नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो. शाळा भरायची आणि मेंढरं सुटायची वेळ एकच होती, आणि मेंढरं थांबत नाहीत. म्हणून या घरात मला औषधाची वेळ विचारतात, मत विचारत नाहीत. पण गौरी माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आजोबा, फुलं पडली, मग राक्षस कुठं गेला?"

मी खुर्चीत ताठ झालो. हाच प्रश्न मला साठ-पासष्ट वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि त्यापायी आमच्या घरची पोरगी छतातून पडायला लागली होती.

आमचं गाव केजच्या बाजूचं. आमचं घर मातीचं, मधोमध लाकडाची मेढ, तिच्यावर सगळ्या माळवदाचा भार. घराचे आवाज सांगायचे तर पहिला आवाज कोकरांचा. ती लहान असेपर्यंत आमच्यातच झोपायची, डालग्याखाली, आणि पहाटे आमच्या आधी बोलायला लागायची. दुसरा आवाज मायच्या चातीचा, लोकर कातायची ती फिरकी. माय बोलत असली तरी फिरायची, भांडत असली तर जास्त फिरायची. तिसरा आबांचा. आबा मेंढरांना जी हाळी द्यायचे ती पलीकडच्या शिवारात ऐकू जायची, आणि माणसांशी बोलायचे ते ऐकायला जवळ जावं लागायचं. खायला भाकर आणि येसराची आमटी, इतकी झणझणीत की नाक आणि ताट एकदम पुसावं लागायचं. मेंढी व्याली की चिकाचा खरवस. आणि वर्षातून एकदा दर्ग्याची कंदुरी. आमच्याकडं हिंदू-मुसलमान सगळेच कंदुरी करायचे, नवसाचं बकरं कापायचं आणि गाव जेवायचं. ते कापताना चंद्री अगदी पुढं बसायची, हाताची घडी घालून, आणि कापणाऱ्या मुलाणी काकांना सांगायची, "काका, काळीज माझं." तेव्हा रगताला भिणारी पोरगी ती नव्हती, हे आधी ध्यानात ठेवा.

जत्रेला तंबूचा सिनेमा यायचा. एक ट्रक, एक इंजिन, बांबू, दोऱ्या, ठिगळांचं कापड, आणि मशीन चालवणारे चाचा. चाचांच्या डोक्यावर तेलकट गोल टोपी, दाढी अर्धी पांढरी, आणि आवाज असा की ते साधं बोलले तरी भोंग्यातून बोलल्यासारखं वाटायचं. त्या साली त्यांनी नरसिंहाचा सिनेमा आणला. आमच्या गावाची सिनेमा बघायची रीत वेगळी होती. देवाचा सिनेमा म्हणजे दर्शन. चपला तंबूच्या बाहेर. पडद्यापुढं नारळ फोडायचा. देव पडद्यावर आला की बाया आरतीचं ताट घेऊन उठायच्या, आणि चाचा बिचारे मशीन थांबवायचे, आरती संपेपर्यंत देव तिथंच हात वर करून थिजलेला. एकदा आरती लांबली आणि फिल्लम मशीनच्या दिव्यानं तापली. देवाच्या खांद्यापाशी भोक पडायला लागलं तेव्हा चाचा ओरडले, "माय, जल्दी करो, देव जल रहा." एवढ्या घाईत मी कधी आरती ऐकलेली नाही.

पहिल्या दिवशीचा खेळ मी गड्यांच्या बाजूला बसून बघितला. चंद्री घरी होती. खांब फुटला, देव निघाला, सगळा तंबू हात जोडून उभा. आणि मग देवानं जे केलं ते चांगलं दणकून केलं. आतडी काढली, गळ्यात घातली. पडद्यावर रंग नव्हता, रगत काळं होतं, तरी काय व्हायचं ते झालंच. पुढं बसलेली पोरं एकदम बोंबलली आणि जिकडं कापड दिसलं तिकडं घुसली. कुणाचा तरी पाय दोरीत अडकला, बांबू आडवा झाला आणि अर्धा तंबू आमच्या अंगावर बसला. कापडाखाली एकच कालवा. कुणी म्हणे देवा सोड, कुणी म्हणे माझं धोतर सोड. एक बाई माझ्या डोक्याला आपलं पोरगं समजून छातीशी धरून बसली होती, आणि मी तिचा नव्हतो हे तिला काही केल्या पटेना. मला तर इतकं हसू येत होतं की मला श्वास घेता येईना.

पण मास्तरांना हसू आलं नाही. आमच्या गावाला एकच मास्तर, परळीकडचे, उंच, काडीसारखे, जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या मांडीवर सुताराचं पोरगं बसलेलं होतं. ते ओरडलंही नाही, नुसतं ताठ झालं, दात आवळले, डोळे उघडे. मास्तरांनी कापडाखालून सरपटत त्याला बाहेर काढलं, कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं ते रडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं गाव बसलं आणि मास्तर उठून म्हणाले, "देवाचं मी काही म्हणत नाही. पण लेकरू काय बघतंय ते लेकराला झेपलं पाहिजे. मोठ्यांना कळतं की हे सोंग आहे. त्याला कळत नाही." एक म्हातारे म्हणाले, "मास्तर, मंग देवाच्या तोंडावर हात ठेवायचा का आपण?" मास्तर म्हणाले, "तोंडावर नको, पोटावर ठेवा." असं तासभर चाललं आणि शेवटी ठरलं की पोरांच्या खेळाला तेवढं झाकायचं. चाचा म्हणाले, "मैं टोपी आडी पकडता. तुमारा देव बी राजी, मास्तर बी राजी." हे मला नंतर कळलं. मी त्या वेळी मेंढरामागं होतो, आणि हे लक्षात असू द्या, कारण चंद्रीला माझं म्हणणं आजतागायत पूर्ण पटलेलं नाही.

दिवेलागणीला पोरांचा खेळ. मी चंद्रीला मांडीवर घेऊन पुढं बसलो. तिला मी सगळी गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. राक्षसानं वर मागून घेतला, दिवसा मरणार न्हाई, राती मरणार न्हाई, घरात न्हाई, बाहेर न्हाई, माणसाकडून न्हाई, जनावराकडून न्हाई. म्हणून देव अर्धा माणूस अर्धा शिंव्ह होतो आणि सांजच्या पारी उंबऱ्यावर बसून त्याला फाडतो. तिला ते फार आवडलं. "लई हुशार हाय देव," म्हणाली. पडद्यावर राक्षसानं आपल्या पोराला, प्रल्हादाला, कड्यावरून ढकललं तेव्हा तिनं माझं बोट धरलं, आगीत बसवलं तेव्हा मनगट धरलं. मी म्हणालो, "भिऊ नको. शेवटी मरतोय. मी सांगतो ना. तुझ्या डोळ्यानं बघशील." मी शब्द दिला, आणि मी शब्द कधी उगाच देत नाही, तेव्हाही देत नव्हतो. खांब फुटला. देवानं राक्षसाला उचललं, उंबऱ्यावर बसला, मांडीवर आडवा घेतला. मी म्हणालो, "आता बघ."

आणि अंधार.

चाचांनी टोपी धरली होती, पण टोपी काय ती भिंगावर धरली होती. भोंगा कोण झाकणार? पडदा काळा, आणि त्या काळ्यातून डरकाळ्या, हाडं मोडल्यासारखा ढोल, आणि राक्षसाची ती लांबच लांब किंकाळी. दिसायचं काहीच नाही, ऐकायचं सगळं. आदल्या दिवशी पोरं पळाली तरी होती. आज पळायचं कुठं हेही दिसेना. मग टोपी निघाली. पडद्यावर देव शांत बसलेला, समोर पोरगं हात जोडून. राक्षस नाही. चाचांनी जरा जास्तच वेळ टोपी धरली होती, आणि मेलेला राक्षस त्या टोपीतच गेला.

चंद्री म्हणाली, "कुठं गेला?"

"मेला."

"कुठं हाय?"

"अगं मेला, आता कुठं असंल."

"तू बघितलास?"

"न्हाई."

"मंग?"

घरी आलो तर ती दारापुढं थांबली. अंगणात, उंबऱ्यापासून हातभर लांब. म्हणाली, "राक्षस इथं हाय. घरात बी न्हाई, बाहीर बी न्हाई. उंबऱ्यावर हाय. देव त्याला तितं सोडून गेला." आबा उंबऱ्यावर बसून दाखवायला गेले. ती म्हणाली, "आबा, उठा, तुमी त्याच्यावर बसलाव." मायनं लिंबू-मिरची बांधली, उंबऱ्यावर राख टाकली, मीठ ओवाळलं. चंद्रीनं राखेकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यानं काय हुतंय? त्याला आगीनं बी काय हुत न्हाई." तो वर राक्षसाचा होता का पोराचा, हे मायलाही सांगता येईना. शेवटी अंधार पडायला लागला, पोरगी थंडीत कुडकुडायला लागली, तेव्हा आबांनी शिडी आणली.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही हसलो. सगळी गल्ली हसली. पोरं माळवदाखाली येऊन बसायची, चंद्री उतरायची वेळ झाली की. ती घरात आली की आधी मेढीपाशी जायची, तिच्यावर टकटक करायची आणि कान लावून विचारायची, "देवा, आत हायस का?" मग म्हणायची, "कावून अर्धा सोडलास रे त्याला?" पण हसू हळूहळू ओसरलं. दिवस मावळायला लागला की तिचे हात गार पडायचे. भाकर ती माळवदावरच खायची, निम्मी संपवायची, निम्मी टाकायची. गालफडं आत गेली. आणि त्यात आबांची निघायची वेळ झाली. आमच्याकडं चारा संपला की मेंढरं गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, न्यायची असतात. बाकीचे कळप निघून गेले. आमची मेंढरं कुडाच्या कोरड्या कुंपणापाशी उभी राहून दिवसभर बें बें करायची, आणि आबा म्हणायचे, "पोरगी उंबरा वलांडंल तवा मी गावाची शीव वलांडीन." मायनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. हट्ट मला कुणाकडून आला हे वाचणाऱ्याला आता कळलं असेल.

शब्द माझा गेला होता. चंद्री मला काही बोलली नाही, पण कुठलीही गोष्ट सांगायला लागलो की विचारायची, "तू बघितलास का?" म्हणून मी तिला खांद्यावर घेतलं आणि तंबूकडं गेलो. जत्रेचे अजून दोन खेळ बाकी होते. म्हटलं, चाचांना सांगून तेवढाच तुकडा दाखवू. चाचा दाढीला हात लावून म्हणाले, "अरे बेटा, वो डबा तो गया. राक्षस गया केज. सुबे की एस्टी से. यहाँ अब दुसरी फिल्लम है, मारामारीची."

चंद्री वरून म्हणाली, "एस्टीत बसून गेला?"

"हौ बेटी. टप पे."

"तिकीट काढून?"

"डबे का बी तिकीट लगता."

तिनं माझे केस मुठीत धरले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "भाऊ, मंग जित्ताच हाय." मी म्हणालो, "बरं झालं ना मंग. केजला गेला. उंबरा मोकळा झाला." ती म्हणाली, "एस्टी सांजच्याला परत येती."

चाचा आधी हसले. मग तिचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू गेलं. टोपी काढून हातात धरली, तिच्याकडं बघत बसले, जणू टोपीचाच गुन्हा होता. म्हणाले, "मास्तर के पास जा. मैं बी आता."

मास्तर शाळेच्याच खोलीत राहायचे. पिठलं करत होते. मी चंद्रीला खाली उतरवलं आणि म्हणालो, "गुरुजी, तुमी झाकलं. आता तुमीच उघडा." ते म्हणाले, "किसन, मी काय उघडू? डबा केजला गेला." मी दारात बसलो. ते म्हणाले, जेवायला या. मी म्हणालो, न्हाई. ते जेवले. मी बसलो. त्यांनी भांडी घासली. मी बसलो. चंद्री खोलीच्या उंबऱ्याला लांबून वळसा घालत होती आणि ते चष्म्यावरून तिच्याकडं बघत होते. शेवटी बाहेर आले, तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "चंद्रा, तुला काय पाहिजे?"

"मेलेला बघायचाय."

"भीती नाही वाटणार?"

"वाटंल की," ती म्हणाली. "पण मेलेल्याची थोडी वाटती."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. मग म्हणाले, "चला. मी मरतो."

त्या दुपारी आमच्या घरात जी धांदल झाली ती कुठल्या लग्नात झाली नाही. आबांना नरसिंह व्हायला तयार करायला अर्धी गल्ली लागली. मेंढरांपुढं गर्जना करणारा माणूस माणसांपुढं लाजायचा. न कातलेली लोकर त्यांच्या डोक्याला, दाढीला, छातीला बांधली. चाचांनी पत्र्यावर जाहिराती रंगवायचा लाल रंग आणून त्यांची नखं रंगवली. आतडी कशाची करायची यावर माझं आणि मायचं भांडण झालं. मी तिच्या सुताच्या लडीला हात घातला तर ती म्हणाली, "ठेव ते. घोंगडीचं सूत हाय, आतड्याचं न्हाई." मग तिनं चंद्रीकडं बघितलं, चंद्री अंगणात बसून मातीत रेघा मारत होती. मायनं स्वतःच लड घेऊन गुलालात बुडवली, पिळली, आणि मास्तरांच्या सदऱ्याखाली पोटाला गुंडाळून दिली. मास्तर मुळात काडी, त्यांना पहिल्यांदाच पोट आलं.

दिवस मावळला. अंगण भरलं, कुडावर माणसं, माळवदावर पोरं. चपला लोकांनी आपोआप बाहेर काढल्या. मास्तर पितळी पातेलं डोक्यावर घालून अंगणात आले आणि शाळेत पाढे विचारतात त्या आवाजात म्हणाले, "कुठं आहे रे तुझा देव?" आता इथं प्रल्हाद कोण होणार हे ठरवायचं आम्ही विसरलो होतो. मास्तर परत म्हणाले, "कुठं आहे?" आणि मागून चंद्री म्हणाली, "मेढीत हाय. मी रोज विचारती त्याला."

आतून आबांनी हाळी दिली. तीच, शिवारभर जाणारी. कुडातली सगळी मेंढरं एकदम ओरडून उठली, त्यांना वाटलं निघायची वेळ झाली. आबा मेढीमागून निघाले ते लोकर उडवत, आणि खरं सांगतो, ते माझे आबा आहेत हे मला माहीत होतं तरी मी एक पाऊल मागं सरलो. त्यांनी मास्तरांना कोकरासारखं उचललं, उंबऱ्यावर बसले, मांडीवर आडवं घेतलं आणि सदऱ्यात हात घातला. आणि मास्तर हसायला लागले. त्यांना गुदगुल्या व्हायच्या. राक्षस पाय झाडत होता, पातेलं गडगडत गेलं, लाल सूत हातहात बाहेर येत होतं, आणि मास्तर म्हणत होते, "आबाराव, पुरे, अहो पुरे, मरतो मी." अंगण लोळायला लागलं. चाचा कुडाला धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी. हसली नाही ती एकटी चंद्री. ती पुढं आली, उंबऱ्यापासून हातभर, आणि म्हणाली, "हासू नका, गुरुजी. मरा."

मास्तर गप्प झाले. त्यांनी डोळे मिटले, मान टाकली, एक हात जमिनीला लागला. आबा पण हलेनात. चंद्रीनं वाकून बघितलं. बोटानं त्यांच्या गालाला टोचलं. सूत उचललं, हाताला लागलेला गुलाल बघितला. मग त्यांच्या चष्म्याकडं बघत राहिली. तो तिरका होऊन एका कानाला लटकला होता. तिनं तो काढून आबांच्या हातात दिला. तिचा ओठ हलायला लागला. मला वाटलं, झालं, आता ही घाबरली, आणि आता ही माळवदावरूनही येणार नाही.

ती उठली आणि आबांच्या गुडघ्यावरून, मास्तरांच्या पायांवरून, उंबरा ओलांडून घरात गेली. चालत. आतून भांड्यांचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या एका हातात भाकर होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, निम्मा सांडलेला. मास्तरांच्या डोक्यापाशी बसली आणि म्हणाली, "झालं. आता उठा. जेवा."

मास्तर उठले. उंबऱ्यावर बसूनच कोरडी भाकर खाल्ली, पोटातून सूत लोंबतंय, आणि शेवटचा घास होईपर्यंत ती तांब्या धरून समोर उभी. ते घास गिळताना मधेच थांबायचे आणि चष्मा नसलेले डोळे पुसायचे. मायची चाती तेवढी पहिल्यांदाच थांबलेली होती, कारण तिचं सगळं सूत मास्तरांच्या मांडीवर होतं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आबा मेंढरं घेऊन निघाले, दाढीत अजून लोकर, नखं लाल. त्यांना वाटेला लावायला चंद्री उंबऱ्यावर उभी होती, अगदी मधोमध, दोन्ही हात चौकटीला लावून.

आता माझं मत, जे मला कुणी विचारलं नाही. मास्तर बरोबर होते. त्या सुताराच्या पोराचे आवळलेले दात मी पण बघितलेत. आणि गावातले म्हातारेही बरोबर होते, देवाची गोष्ट अर्धी झाकली की राक्षस पोरांच्या वाटणीला येतो. पण दोघांनाही जे सुचलं नाही ते चंद्रीला सुचलं. सिनेमातला मेलेला माणूस उठून हात धूत नाही. पडदा काळा करा नाहीतर फुलं टाका, तो पोरांसाठी कुठंतरी तसाच पडलेला राहतो, नाहीतर एस्टीत बसून फिरत राहतो. लेकराला मारणं दाखवायचं असेल तर शेजारी माणूस पाहिजे, आणि मेलेल्याला भाकर पाहिजे. हे ज्याला पटत नाही त्यानं बीडला यावं, मी घरीच असतो.

तर गौरीनं विचारलं, राक्षस कुठं गेला. मी मोबाईल उपडा ठेवला आणि सुभाषला म्हणालो, "हो आडवा." तो म्हणाला, "बाबा, काय चाललंय?" मी म्हणालो, "दारात. उंबऱ्यावर." या नव्या घरांना उंबरा म्हणजे फरशीची एक काळी पट्टी, पण चालतं. सुनेची लाल ओढणी त्याच्या सदऱ्यात कोंबली. पोटाची कमतरता नव्हती. नरसिंह मी होणार होतो, पण माझे गुडघे खाली बसू देईनात. सून म्हणाली, "थांबा मामा," केस सोडले, आणि बालवाडीची ती शांत बाई अशी काही ओरडली की समोरच्या घरातले लोक दार उघडून बघायला आले. तिनं ओढणी काढली ती जोर लावून, बऱ्याच वर्षांचा राग साठलेला असावा तशी. सुभाष किंचाळत होता, गौरी टाळ्या पिटत होती, म्हणत होती, "आई, परत."

मी बाजूला होऊन चंद्रीला फोन लावला. ती पालीला असते, धरणाजवळ, लेकाच्या घरी. आता तिलाही नातवंडं आहेत. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मागं तिच्याकडच्या कोंबड्या ओरडत होत्या. तिनं सिनेमाचं विचारलं नाही, सुनेचं विचारलं नाही. म्हणाली, "भाऊ, मेला का नीट?"

"मेला. मी बघितलं."

"जेवायला दिलं का त्याला?"

मी दाराकडं बघितलं. सुभाष अजून तिथंच पडलेला, डोळे मिटलेले, ओढणी गळ्यात, आणि गौरी त्याच्या गालाला बोटानं टोचत होती. मी या घरात कधी स्वयंपाकघरात जात नाही, मला ते जमत नाही आणि शोभतही नाही. फोन ठेवला आणि भाकरी कुठं ठेवतात ते शोधायला आत गेलो.